शोभाबाईच्या नळाचं पाणी

भेस्तानच्या गोवर्धननगरात हिलाल बोरसेला हिलाल म्हणून हाक मारणारं माणूस शोधून सापडलं नसतं. सगळे त्याला पिवळेभाऊ म्हणत. त्यालाही ते आवडायचं, कारण नाव कामावरून पडलं होतं आणि काम सरकारी होतं, निदान त्याच्या मते. खरं तर तो ठेकेदाराकडचा रोजंदार. पण सुरतेत पालिकेला सुधराई म्हणतात, आणि खांद्यावरच्या पिशवीवर सुधराईचा शिक्का होता. तेवढ्यावर हिलालने बाकीचं आपलं आपण ठरवून टाकलं होतं.

काम असं की सकाळी सहाला नळ आले की घरोघर जायचं. काचेची बोटभर नळी पाण्याने भरायची, बाटलीतल्या औषधाचे चार थेंब टाकायचे, हलवायची आणि उजेडाकडे धरायची. पाण्यात क्लोरीन, म्हणजे लोकांच्या भाषेत दवा असली, की पाणी पिवळं होई. मग रजिस्टरात घर नंबरापुढे लिहायचं, पिवळं. पाणी कोरं राहिलं तर हातातलं काम टाकून वॉर्ड ऑफिसला धावायचं, की दुपारच्या आत टिकाव-फावडी घेऊन माणसं हजर. ती गल्ली उकरत, फुटका जोड शोधत, बदलत. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहराने घेतलेला हा धडा होता आणि तो खरोखर पाळला जात होता. काम शिकवणाऱ्या साहेबाने पहिल्या दिवशी सांगितलेलं हिलालला पाठ होतं. टाकीतून निघताना दवा सगळ्या पाण्यात सारखी असते. वाटेत ती संपली, तर समजायचं की घाणीने ती खाल्ली.

प्लेगच्या वेळी अर्धी सुरत स्टेशनवर जाऊन बसली होती. हिलाल तेव्हा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. बायको सरलाबाई साध्या तापाने पडली म्हणून तो गावी पळू शकला नाही. राहिला तो राहिला, आणि गल्लोगल्ली पावडर टाकणाऱ्यांत सामील झाला. त्यातून हे काम मिळालं आणि माणूस अंतर्बाह्य बदलला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पेला नाकाशी नेऊन वास घ्यायचा. वस्तीतल्या डंकीचा, म्हणजे हातपंपाचा, दांडा त्याने स्वतःच्या हाताने काढून नेला, तेव्हा बायकांनी त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या. डंकीचं पाणी थंड आणि गोड, नळाचं पाणी दवाखान्यासारखं वास मारणारं, चहा फाडणारं. हिलालने एकीचं ऐकलं नाही. तेव्हापासून गोवर्धननगरात हगवणीने एक पोर गेलं नाही, आणि हे हिलाल ज्याला त्याला थांबवून सांगत असे. शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्याने पोरीचं लग्न केलं, तेव्हा मांडवातही त्याने पाहुण्यांना हेच ऐकवलं.

पोर म्हणजे हर्षदा. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली, एकुलती एक. तिला पारोळ्याकडच्या एका खेड्यात दिली. जावई योगराज शिलाईचं काम करायचा, शब्दाने गरीब, मनाने बरा. दुसऱ्याच वर्षी तिला दिवस गेले. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. तेव्हा सातवा लागताच हिलाल भुसावळ पॅसेंजरने गेला आणि पोरीला घेऊन आला. डब्यात त्याने तिच्यासाठी खिडकी धरली, पाठीशी गोधडी लावली आणि नंदुरबारपासून उधन्यापर्यंत तो उभा राहिला. सरलाबाईने घरात मेथीचे लाडू करून ठेवले होते. त्या दोन खोल्यांत पुढचे चार दिवस जेवढा आनंद होता, तेवढा नंतर कधी नव्हता.

पाचव्या दिवसापासून हर्षदाला पाणी जाईना.

गावी ती विहिरीचं पाणी प्यायची. इथला नळ सोडला की दवेचा वास नाकात घुसे आणि घोटाबरोबर सगळं उलटून पडे. भाकरी खाल्ली की पाणी लागतं, पाणी प्यालं की भाकरी बाहेर. आठवड्याभरात तिचं तोंड उतरलं. सरलाबाईने पाणी उकळून दिलं, तर पोर म्हणाली राख प्याल्यासारखं लागतं. शिवाय रॉकेल रेशनचं, रोज हंडाभर पाणी उकळायला पुरणार कुठून? हिलालने पातेलं रात्रभर गच्चीवर उघडं ठेवलं, म्हणजे वास उडून जाईल. थोडा उडालाही. पण पोटुशीचं नाक फार तिखट असतं.

"नाना, माले नही चालस हाई पानी," ती म्हणाली. "तुम्ही रागे नका भरू."

हिलाल रागे कसला भरतो. ज्या पाण्याची त्याने तीन वर्षं तरफदारी केली, ते नेमकं त्याच्या पोरीला सोसत नव्हतं.

आणि इथे त्याची अक्कल त्याच्या कामी आली. दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं, कारण दुसऱ्या कुणाला ते माहीतच नव्हतं. वस्तीतल्या कुठल्या नळाला दवा जास्त, कुठल्या नळाला कमी, हे त्याला तळहातासारखं माहीत होतं. टाकीजवळच्या घरांत नळी हळदीसारखी व्हायची. पुढे रंग उतरत जाई. आणि अगदी शेवटी, सातव्या गल्लीच्या टोकाला, शोभाबाईच्या घरी, तो फिका लिंबासारखा असे.

त्या सकाळी शोभाबाईकडे नळी कोरी निघाली.

त्याने दुसऱ्यांदा भरली, चारऐवजी सहा थेंब टाकले. कोरी. त्या गल्लीत शेवटचे चाळीस-पन्नास फूट पाइप उघड्या गटारीच्या खालून जातो, हे त्याला ठाऊक होतं. रजिस्टर काढून वॉर्ड ऑफिसला धावायची ती वेळ होती. त्याऐवजी हिलालने ओंजळ नळाखाली धरली, वास घेतला आणि एक घोट प्याला. पाण्याला काहीही वास नव्हता. गोड होतं.

शोभाबाईची सून जयश्री दारात उभी होती. वऱ्हाडातली पोर, हर्षदाच्याच वयाची, तिलाही पाचवा चालू होता.

"पिवळेकाका, काय झालं? आमचं पाणी बिघडलं काय?"

"नाही," हिलाल म्हणाला. "एक कॅन भरून देतेस का? घरी पाव्हणी आलेली आहे."

त्याने रजिस्टरात लिहिलं, पिवळं.

मनात त्याचा हिशोब साधा होता. तक्रार केली की दुपारी माणसं येणार, जोड बदलणार, आणि उद्यापासून इथेही दवेचा वास सुटणार. आठ दिवस थांबू. पोरीच्या अंगात जरा ताकद येऊ दे, वासाची सवय होऊ दे, मग तक्रार करू. पाणी तर तापीचंच आहे, त्याच टाकीतून आलेलं आहे. फक्त दवा वाटेत उडून गेलेली आहे. खाल्ली गेली असं त्याने मनातसुद्धा म्हटलं नाही, उडून गेली असंच म्हटलं. बापाचं मन असंच असतं, आणि त्याचा राग करावा तर हात उचलत नाही.

हर्षदा ते पाणी प्याली आणि तिच्या पोटात राहिलं. संध्याकाळी तिने दीड भाकरी खाल्ली, ठेच्याबरोबर. दुसऱ्या दिवशी दोन. सरलाबाई नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू त्याने गंगा आणून दारात सोडली. मग रोजचा नेमच झाला. तपासणी संपली की दहा लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन हिलाल सातव्या गल्लीतून पहिल्या गल्लीत येई. लोक विचारत, पिवळेभाऊ, घरचा नळ आटला काय? तो हसून पुढे जाई. घरातलं बाकीचं सगळं नळाच्या पाण्यावर चाले. गोड पाणी फक्त पोरीचं. सरलाबाईने त्यातला घोटसुद्धा कधी घेतला नाही.

आठ दिवसांचे पंधरा झाले. तिसऱ्या आठवड्यात जयश्रीने कॅन भरता भरता सांगितलं की नवऱ्याला कावीळ झाली आहे. नवरा म्हणजे दत्तू, लूमवर रात्रपाळी करणारा. उधन्याच्या एका बाबाने त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली होती आणि तेल-तिखट बंद केलं होतं. दवाखान्यात कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे कुठल्या कागदावर काही आलं नव्हतं.

त्या दिवशी हिलाल कॅन न घेता घरी आला. दोन दिवस आणला नाही. दोन्ही दिवस हर्षदा भिंतीला धरून ओकत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सरलाबाई म्हणाली, "पाय दुखतस का तुमना? मी जाऊ का लेवाले?" तेव्हा हिलालने ठरवलं की दत्तू बाहेर गाड्यांवर वाट्टेल ते खातो, त्याला कावीळ होणारच. तिसऱ्या दिवशी कॅन पुन्हा सुरू झाला. आता लिहिलेलं खोडणंही अवघड झालं होतं. तीन आठवडे पिवळं लिहिलेल्या घराला एकदम कोरं लिहिलं, तर साहेब विचारणारच की हे कधीपासून.

आठव्या महिन्याच्या मध्यावर हर्षदाला बारीक ताप आला. अन्नावरची वासना गेली, आणि आता तर पाण्याला वासही नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्यावर उजेडात बसली होती. हिलाल पिशवी अडकवत होता, त्याने सहज तिच्याकडे पाहिलं. हिलालने तीन वर्षं हाच रंग शोधण्यात घालवली होती. तो आता पोरीच्या डोळ्यांत दिसला.

सरलाबाई माळवाल्या बाबाला बोलवा म्हणाली. हिलालने ऐकलं नाही. रिक्षा केली आणि तासाभरात पोरीला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई कामाची होती, धावपळ करणारी. तिने विचारलं, पानी कहाँ का पीती है? हिलाल म्हणाला, नल का. ते खरंच होतं. ती म्हणाली, ही कावीळ दुसऱ्यांना महिन्यात बरी होते, पण पोटात मूल असलेल्या बाईला सोसत नाही. आम्ही करू ते सगळं करू, पण तिच्या घरच्यांना बोलवून घ्या.

तिसऱ्या दिवशी हर्षदा माणसं ओळखेनाशी झाली. योगराज आला तो तिच्या पायाशी उभा राहिला आणि ती त्याला "दुकान कधी उघडनार?" असं भलत्याच कुणाला विचारल्यासारखं विचारत राहिली. चौथ्या दिवशी बाळाचे ठोके थांबले. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. वीस वर्षांची होती. तिने बाळासाठी विणायला घेतलेलं टोपडं अर्धं झालं होतं. सरलाबाईने ते कुणाला दिलं नाही आणि टाकूही दिलं नाही. एवढं दुःख एका घरात कसं मावतं, कळत नाही. पण मावतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळ येतात ते येतातच.

हिलाल कामावर गेला नाही. त्याच्याऐवजी ठेकेदाराने दुसरा माणूस पाठवला नाही, आणि चार-सहा दिवस तपासणीच झाली नाही. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. तो भिंतीला टेकून बसे आणि लोक येऊन बसून जात.

सहाव्या दिवशी पाणीखात्याचे गज्जरसाहेब आले. पोटुशी बाई काविळीने गेली की चौकशी करायची, असा आता नियम होता. साहेब बूट बाहेर काढून सतरंजीवर बसले. घरात सरलाबाई होती, डोकं भादरलेला योगराज होता आणि शेजारच्या दोन बायका होत्या. साहेबांनी हिलालचं रजिस्टर मांडीवर घेतलं आणि गोवर्धननगरची दोन महिन्यांची पानं चाळली.

"आमां तो रोज पीळुं लखेलुं छे," ते म्हणाले. रोज पिवळंच लिहिलेलं, एकही घर चुकलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि मऊ आवाजात हिंदीत सांगितलं की हा रोग अंगात शिरल्यावर महिना-दोन महिन्यांनी दिसतो. इथलं पाणी चोख आहे, हिलालभाईचं काम तर सगळ्या वॉर्डात चोख आहे. तेव्हा पोरीने तो गावाहून आणला असणार. गावची विहीर तपासायला लिहून पाठवतो.

योगराजने मान खाली घातली. "मामा," तो म्हणाला, "आमना गावनी हिरले गाळ व्हता. मी सरपंचले सांगं बी व्हतं. तिले पहिलेच धाडी देवाले पाहिजे व्हतं. मनी चूक झायी."

सरलाबाई इतके दिवस रडली होती, पण कुणाला बोलली नव्हती. आता तिला कुणीतरी सापडलं. "तुमना गावना पानीनी मनी पोर खादी," ती जावयाला म्हणाली, आणि मग तोंडाला येईल ते बोलत सुटली. तुम्ही माणसं नाहीत, तुम्ही तिला गाळ पाजला, चांगली धट्टीकट्टी पोर दिली होती. योगराज ऐकून घेत होता. त्याने हात जोडलेले होते आणि ते त्याने खाली केले नाहीत.

हिलालला गप्प राहणं फार सोपं होतं. साहेबांनी स्वतःच दोष उचलून दीडशे मैलांवर नेऊन ठेवला होता, आणि जावई तो खांद्यावर घ्यायला तयार होता. नोकरी राहणार होती, नाव राहणार होतं. सरलाबाईशी पुढची वीस वर्षं एका ताटाशी बसता येणार होतं.

तेवढ्यात जयश्री आली. सुतकाच्या घरात चूल नसते म्हणून शेजारचे आळीपाळीने जेवण आणत, आणि आज सातव्या गल्लीची पाळी होती. सातवा महिना लागलेला होता, त्यामुळे ती हळू चालत होती. तिने भाकऱ्यांची टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून दम खाल्ला, आणि कॅन पुढे केला.

"काका, तुम्ही येत नाही म्हणून मीच घेऊन आले," ती म्हणाली. "काकूंना होईल प्यायला. दवेचं पाणी तर मला पण जात नाही आता."

हिलाल उठला. त्याने तिच्या हातातून कॅन घेतला आणि तो साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"साब," तो म्हणाला, "वो रजिस्टर झूठा है."

मग त्याने सगळं सांगितलं. हिंदीत सुरुवात केली आणि कुठेतरी अहिराणीवर आला, पण साहेबांना समजलं. सातवी गल्ली, शेवटचं घर, दीड महिना कोरी नळी. दत्तूची कावीळ. आपण कुठल्या दिवशी काय लिहिलं आणि का लिहिलं, काही ठेवलं नाही. शेवटी तो जयश्रीकडे वळून म्हणाला, "पोरी, आजपासून उकळून पी. तोंड वाकडं झालं तरी उकळूनच पी. आणि उद्या दवाखान्यात जाऊन तपासून ये." जयश्रीने पदर तोंडाला लावला आणि ती निघून गेली.

साहेबांनी हिलालला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ते रजिस्टर घेऊन उठले, आणि दोन तासांत सातव्या गल्लीत टिकाव वाजू लागले. योगराज उठून बाहेर गेला. ओट्यावर पाठमोरा बसून राहिला, आणि थोड्या वेळाने पिशवी घेऊन स्टेशनच्या रस्त्याला लागला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. शेजारच्या बायकाही एकेक करून उठल्या.

घरात दोघंच उरली. दुपारचे तीन वाजले असतील. सरलाबाई आता ओरडेल, अंगावर धावून येईल, असं हिलालला वाटत होतं आणि तो त्याची वाट बघत होता. पण जावयाला काय काय बोलली ते तिला आठवत असावं. मग तिने त्याच्याकडे न बघता विचारलं.

"तिले तर ठावं व्हतं. लगीनना पयले तुमना हातमानी नळी तीच धरे. तिनी तुमले काहीच इचारं नही?"

एवढं सगळं सांगून झालं होतं, पण हे त्याने साहेबांना सांगितलं नव्हतं. हे तो कुणालाच सांगणार नव्हता.

"इचारं व्हतं," हिलाल म्हणाला. "पयल्याच रोजले. तांब्या हातमा लिसन इचारं, नाना, पिवळं व्हयनं ना?"

"मंग?"

"मी हा म्हनं. मंग पी लिन्हं तिनी."